चीनमधलं स्कीइंग आणि नागपूरचा कूलर

बीजिंगपासून ट्रेनने तासाभरावरच्या चोंगलीला पहिल्यांदा स्कीइंगला गेलो तेव्हा ट्रेनच्या खिडकीतून बघत होतो आणि मनात एकच, अरे बर्फ कुठाय? डोंगर सगळे करडे-तपकिरी, आपला सह्याद्री एप्रिलमध्ये वाळलेल्या गवताचा दिसतो ना अगदी तसे, आणि मग एकदम एका डोंगरावर पांढरे पट्टे, कुणीतरी वरून चुन्याची बादली ओतलीये आणि ओघळ पायथ्यापर्यंत आलेत असं वाटावं. पट्ट्याच्या दोन्ही बाजूला माती, वाळकी झुडपं. बाहेर उणे १४. म्हणजे थंडी आहे, मरणाची आहे, पण बर्फ फक्त पट्ट्यांवर.

कामानिमित्त बीजिंगला होतो आणि एक वीकेंड मोकळा मिळाला म्हणून गेलेलो, स्कीइंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तो पट्टा डोक्यात बसला आणि मग वाचत गेलो, विचारत गेलो. आता मित्रमंडळी विचारतात की चीनला स्कीइंगला जायचंय, कुठे जाऊ, तर उत्तर द्यायच्या आधी मी त्यांना तो पट्टा समजावतो, कारण तो कळला की कुठे जायचं, कधी जायचं आणि पडल्यावर इतकं का लागतं, सगळं आपोआप कळतं.

तर आधी हे, की एवढी थंडी असून बर्फ का पडत नाही.

हिवाळ्यात सायबेरियावर गार, जड हवेचा मोठा ढीग साठतो आणि तिथून वारे चीनच्या दिशेने सुटतात. हे वारे येतात जमिनीवरून, हजारो किलोमीटर, वाटेत मंगोलियाचं वाळवंट. त्यांच्यात पाणी असणार कुठून? आपला मान्सून कसा, अरबी समुद्रावरून येताना पाणी उचलतो आणि घाटमाथ्यावर आणून ओततो. आता समजा तुम्ही समुद्राच्या पलीकडच्या काठावर उभे आहात, जिथून वारा अजून समुद्रावर यायचाय, तर तुम्हाला वारा मिळेल, पाऊस नाही. उत्तर चीन असा पलीकडच्या काठावर आहे. तोच सायबेरियाचा वारा पुढे जपानचा समुद्र ओलांडतो, पोटभर वाफ उचलतो आणि जपानच्या डोंगरांवर माणूस बुडेल एवढा बर्फ टाकतो. बीजिंगला मात्र वर्षाचा साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तोही आपल्यासारखाच बहुतेक उन्हाळा-पावसाळ्यातला, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने धरले तर जेमतेम १० मिलिमीटर. बर्फ वितळवून मोजलं तरी तेवढंच.

आणि इथे २०२२ चं विंटर ऑलिंपिक झालं! २०१५ मध्ये बीजिंगने ४४ विरुद्ध ४० मतांनी कझाकस्तानच्या अल्माटीला हरवून यजमानपद मिळवलं, तेव्हाच लोक म्हणत होते की बर्फ कुठून आणणार, आणि उत्तर होतं की बनवणार. स्कीइंगच्या स्पर्धा जवळजवळ पूर्णपणे मशीनच्या बर्फावर झाल्या. ऐकायला फसवणूक वाटते, पण युरोपातले मोठमोठे रिसॉर्टही आता मशीनवरच बऱ्यापैकी चालतात, बीजिंगने फक्त ते शंभर टक्के केलं.

आता मशीन. मला आधी वाटायचं की आत फ्रीजसारखं काहीतरी असेल आणि बर्फाचा चुरा बाहेर येत असेल. तसं नाहीये. ते मशीन म्हणजे एक भलामोठा पंखा, पंख्याच्या तोंडाशी गोल कड्यात बारीक बारीक नोझल, त्यातून पाण्याचा फवारा निघतो आणि पंखा तो फवारा हवेत लांब फेकतो. बस. गोठवायचं काम हवा करते, मशीन नाही.

माझी मावशी नागपूरला असते. तिच्याकडे मे महिन्यात कूलर लावला की खोली अशी गार पडते की पांघरूण घ्यावं लागतं, आणि तोच कूलर मुंबईत आणून लावला तर फक्त चिकचिक होते. का? कारण कूलरमध्ये पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, माठात पाणी गार होतं तेच. नागपूरची उन्हाळ्यातली हवा कोरडी, तिला पाणी प्यायला जागा आहे. मुंबईची हवा आधीच तुडुंब, तिच्यात पाणी उडणार कुठे? म्हणजे कोरड्या हवेत ओली वस्तू आजूबाजूच्या हवेपेक्षा जास्त गार होते. ती जितकी गार होऊ शकते त्या तापमानाला म्हणतात वेट बल्ब टेम्परेचर, थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून मोजतात म्हणून ते नाव.

बर्फ बनवणारे लोक साधं तापमान बघतच नाहीत, ते वेट बल्ब बघतात. तो साधारण उणे अडीचच्या खाली गेला की मशीन चालू. आता हिशोब बघा. हवा शून्य अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर वेट बल्ब शून्याच्या किंचित खाली, बर्फ बनणार नाही, चिखल होईल. तीच हवा शून्य अंश पण आर्द्रता ३० टक्के, तर वेट बल्ब उणे ४, मशीन सुरू करा. इतकंच काय, हवा अधिक २ अंश असली आणि आर्द्रता फक्त २० टक्के असली तरी वेट बल्ब उणे ३ च्या आसपास जातो, म्हणजे बाहेर शून्याच्या वर तापमान असताना बर्फ बनू शकतो. ज्या कोरडेपणामुळे चोंगलीत बर्फ पडत नाही त्याच कोरडेपणामुळे तिथे तो बनवायला सोपा जातो. मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

अजून एक गंमत आहे. पाण्याचा अगदी बारीक शुद्ध थेंब शून्याला गोठतोच असं नाही, तो उणे पाच, उणे दहापर्यंतसुद्धा पाणीच राहू शकतो, त्याला गोठायला सुरुवात करून द्यावी लागते. दूध कितीही वेळ ठेवा, विरजण लावल्याशिवाय दही लागत नाही तसं. म्हणून मशीनमध्ये काही वेगळे नोझल असतात, त्यात दाबाखालची हवा आणि थोडं पाणी एकत्र सोडतात, दाब सुटला की हवा झटकन फुलते आणि फुलताना एकदम थंड होते, त्या पाण्याचे लगेच बर्फाचे सूक्ष्म कण होतात. हे झालं विरजण. ते मोठ्या फवाऱ्यात मिसळलं की बाकीचे थेंब त्यांच्या नादाने जमिनीवर पडेपर्यंत गोठतात.

बर्फ फुकट मिळत नाही हे ओघाने आलंच. १ घनमीटर पाण्यातून साधारण २ ते अडीच घनमीटर बर्फ होतो. एक हेक्टर उतारावर अर्धा मीटर जाडीचा थर टाकायचा तर ५ हजार घनमीटर बर्फ लागला, म्हणजे २० ते २५ लाख लिटर पाणी. सोसायटीत येतो तो १० हजार लिटरचा टँकर धरला तर दोन-अडीचशे टँकर. किंवा असं समजा, आपल्याकडे ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, तिरप्या कडांचं शेततळं असतं, ते काठोकाठ भरलं की २२ लाख लिटरच्या आसपास होतं. एक हेक्टरला एक शेततळं! आणि रिसॉर्ट काही एक हेक्टरचं नसतं. तिथेही करतात तेच, उन्हाळ्यातलं पावसाचं पाणी तलावात साठवायचं, हिवाळ्यात डोंगरावर पंप करायचं, वसंतात वितळलं की त्यातलं काही परत खाली गोळा करायचं. पण हा सगळा भाग मुळात पाण्याला तहानलेला, म्हणून टीका झाली आणि मला ती रास्त वाटते. वितळलेलं पाणी परत मिळतं हे खरं, पण सगळं नाही मिळत, वाऱ्याने आणि उन्हाने बराच बर्फ सरळ वाफ होऊन उडून जातो.

या बर्फाचा पोतही वेगळा. आकाशातून पडणारा बर्फ म्हणजे सहा पाकळ्यांची नक्षी, मध्ये भरपूर हवा, म्हणून कापसासारखा. मशीनचा बर्फ म्हणजे बारीक गोळ्या, साबुदाण्याचे दाणे म्हणा, घट्ट दाबून बसतात. ताज्या नैसर्गिक बर्फाच्या चार-पाच पट जड. त्यामुळे तो लवकर वितळत नाही, स्पर्धेतल्या लोकांना आवडतो कारण पहिल्या खेळाडूला आणि पन्नासाव्या खेळाडूला साधारण सारखाच ट्रॅक मिळतो, आणि तुमच्या-माझ्यासारखा नवशिका त्यावर आपटला तर फरशीवर आपटल्यासारखं लागतं. हेल्मेटला पर्याय नाही, गुडघ्याला पॅड लावा, लाजू नका.

ऑलिंपिकचा एक किस्सा सांगायलाच हवा. भारताकडून बीजिंगला एकच खेळाडू होता, काश्मीरच्या गुलमर्गचा आरिफ खान. त्याची जायंट स्लॅलम, म्हणजे रोवलेल्या काठ्यांमधून वळणं घेत उतरायची स्पर्धा होती १३ फेब्रुवारी २०२२ ला बीजिंगजवळच्या यानचिंगच्या डोंगरावर, आणि इतके दिवस मशीनच्या बर्फावर सगळं शिस्तीत चाललेलं असताना नेमका त्याच दिवशी आकाशातून खरा बर्फ कोसळायला लागला! समोरचं नीट दिसेना, दुसरी फेरी उशिरा झाली, बरेच जण अर्ध्यात घसरून बाहेर पडले. आरिफने दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या आणि ४५ वा आला.

बरं, आता कुठे जायचं.

चोंगली सगळ्यात सोपं. बीजिंगहून हायस्पीड ट्रेन, ही लाइन ३० डिसेंबर २०१९ ला सुरू झाली, ताइझचंग स्टेशनला उतरलं की डोंगर समोर, साधारण तासाभराचा प्रवास. १९९६ मध्ये इथे पहिलं छोटं स्की केंद्र निघालं, मग २००३ मध्ये वानलोंग आलं, नंतर थायवू, गेंटिंग, फुलोंग अशी रांग लागली. एकेकाळी गरीब जिल्ह्यांच्या सरकारी यादीतलं हे गाव, बटाटे आणि कोबी पिकवणारं, आता तिथे कॉफीचे भाव बीजिंगपेक्षा जास्त. गेंटिंगमध्येच चीनच्या आयलीन गूने २०२२ च्या ऑलिंपिकमध्ये हाफपाइपचं, म्हणजे अर्ध्या नळीसारख्या बर्फाच्या घळीत उड्या मारायच्या स्पर्धेचं गोल्ड मारलं. मशीनचा बर्फ, पण उतार उत्तम राखलेले, रात्रभर रणगाड्यासारख्या गाड्या फिरून बर्फ विंचरून ठेवतात, सकाळी साडेआठला पोचलात तर त्यावर कंगव्याने ओढल्यासारख्या रेघा असतात, त्यावर पहिलं घसरायला मिळणं म्हणजे सुख.

ईशान्य चीन, म्हणजे हेलोंगजियांग आणि जिलिन, ही जुनी शाळा. हार्बिनपासून दोनेकशे किलोमीटरवर याबुली, १९९६ च्या आशियाई विंटर गेम्स तिथे झाल्या आणि २०२५ च्या फेब्रुवारीत परत हार्बिन-याबुलीलाच झाल्या. इथे खरा बर्फ चोंगलीपेक्षा जास्त, पण थंडी? जानेवारीचं हार्बिनचं सरासरी तापमान उणे १८ च्या आसपास, रात्री उणे २५ सहज. मोबाइल बाहेर काढला की बॅटरी ४० टक्क्यांवरून सरळ बंद. तिथे नुआनबाओबाओ नावाच्या चिकटपट्ट्या मिळतात, आत लोखंडाची भुकटी, हवा लागली की गंजायला लागते आणि गंजताना गरम होते, कपड्यांवर आतून चिकटवतात, बुटातही ठेवतात. थेट कातडीवर नका लावू, भाजतं.

जिलिन शहराजवळचं बेइदाहू मला याबुलीपेक्षा जास्त आवडतं, उतार आठशे मीटरच्या वर उंचीचा, सिंहगड पायी चढताना जेवढं चढतो त्याहून जास्त. आणि जिलिन शहरात एक फुकटचा चमत्कार आहे. सगळीकडे नद्या गोठलेल्या असताना तिथली सोंगहुआ नदी वाहत असते, कारण वर धरण आहे आणि धरणाच्या तळाचं पाणी ४ अंशांच्या आसपास असतं, ते खाली येतं, त्याची वाफ उणे वीसच्या हवेत जाते आणि काठावरच्या प्रत्येक झाडाच्या प्रत्येक फांदीवर पांढरी लव जमते. पहाटे जायचं, दहा-अकराला ऊन वर आलं की झडायला लागते.

हार्बिनला फक्त स्कीइंगसाठी कुणी जात नाही, तिथे बर्फाचं शहरच उभारतात. डिसेंबरमध्ये सोंगहुआ नदीवरचा बर्फ करवतीने ठोकळे कापून काढतात, दोन-अडीच लाख घनमीटर बर्फ लागतो, त्याचे किल्ले, मनोरे, घसरगुंड्या, आत दिवे. २०२४ च्या नवीन वर्षाच्या तीन दिवसांच्या सुट्टीत तिथे ३० लाखांहून जास्त लोक गेले, दक्षिण चीनमधून बर्फ कधी न पाहिलेले, फुगीर फिक्या रंगाच्या जॅकेटमध्ये गुंडाळलेले, आणि स्थानिकांनी त्यांना प्रेमाने नाव ठेवलं दक्षिणेकडचे छोटे बटाटे. आपण गेलो तर आपणही बटाटेच.

तिसरा भाग अल्ताय, शिनजियांगच्या अगदी उत्तर टोकाला, आणि जाणकार लोक हल्ली तिकडेच पळतात. कारण सोपं आहे, इथे ओलसर वारा पश्चिमेकडून येतो आणि अल्ताय पर्वताला अडतो, म्हणजे आपला घाटमाथा, म्हणून इथे बर्फ खरा पडतो आणि भरपूर पडतो. सीझन पण लांब, बाकी ठिकाणी मार्च संपता संपता गाशा गुंडाळतात, इथे एप्रिलमध्येही चालू. इथल्या गुहेत स्कीवर चाललेल्या माणसांसारखी दिसणारी चित्रं आहेत, ती दहा हजार वर्षांपेक्षा जुनी आणि म्हणून स्कीइंगचा जन्म इथलाच असा चीनमधल्या काही संशोधकांचा दावा आहे. दगडावरच्या चित्राचं वय ठरवणं अवघड असतं, बाहेरच्या बऱ्याच अभ्यासकांना ते पटत नाही, मलाही जरा ताणल्यासारखंच वाटतं. पण तिथल्या तुवा आणि कझाक लोकांच्या जुन्या स्की बघण्यासारख्या आहेत हे नक्की. लाकडी फळी आणि तिच्या खाली घोड्याच्या पायाचं कातडं, केस मागच्या दिशेने. घोड्याच्या अंगावर केसांच्या दिशेने हात फिरवला की सुळकन जातो, उलटा फिरवला की अडतो. तेच इथे, उताराला घसरते आणि चढाला मागे सरकत नाही, एकाच फळीत दोन्ही सोयी. हातात काठ्या दोन नाहीत, एकच लांब दांडा. अल्तायला जायचं तर पासपोर्टच्या तपासण्या बाकी चीनपेक्षा जास्त होतात, वेळ हाताशी ठेवा, आणि हॉटेल विदेशी लोकांना घेतं का ते आधी विचारा.

चौथा प्रकार म्हणजे छताखालचा डोंगर. हार्बिनला २०१७ मध्ये एक मोठा डोम उघडला, मग ग्वांगझोऊ, चेंगडू, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये शांघायला जवळपास ९० हजार चौरस मीटरचा, तो उघडला तेव्हा जगात सगळ्यात मोठा. बाहेर ३७ डिग्री आणि घामाच्या धारा, आत उणे काहीतरी आणि जॅकेट. विजेचं बिल काय येत असेल ते देवाला माहीत. पण पहिल्यांदा शिकायला ही जागा वाईट नाही, वारा नाही, उणे वीस नाही, दोन तासांत कळतं की आपल्याला हे आवडतंय की नाही.

शिकण्याबद्दल थोडं. चीनमध्ये सातशेच्या आसपास स्की केंद्रं आहेत, पण त्यातली बरीचशी म्हणजे एक टेकडी, एक पट्टा आणि एक मॅजिक कार्पेट, म्हणजे मॉलमधल्या सरकत्या पट्ट्यासारखा पट्टा, त्यावर उभं राहायचं आणि तो वर नेतो. ३० कोटी लोकांना बर्फावर आणू अशी सरकारची घोषणा होती आणि ऑलिंपिकच्या आधी ३४ कोटी ६० लाखांचा आकडा जाहीर झाला. त्यात तळ्यावर एकदा स्केटिंग केलेलं पोरगंही धरलंय, तेव्हा आकडा ऐकून दबून जाऊ नका. आलेल्यांपैकी बहुतेक जण आयुष्यात पहिल्यांदाच आलेले असतात, आणि त्यामुळे एक फार गोड दृश्य दिसतं, सगळ्यांनी पार्श्वभागाला हिरवं मऊ कासव बांधलेलं असतं. कापसाचं, उशीएवढं, दुकानात टांगलेली असतात रांगेने. मी आधी हसलो, अर्ध्या तासाने जाऊन विकत घेतलं.

पहिल्यांदा दोन पट्ट्यांची स्की घ्या, स्नोबोर्ड नको. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, पहिला दिवस निव्वळ आपटण्यात जातो, मनगटं सांभाळावी लागतात. स्कीवर पुढची टोकं जवळ आणि मागची टोकं एकमेकांपासून लांब असा पिझ्झाच्या तुकड्याचा आकार केला की ब्रेक लागतो, एवढं आलं की तुम्ही हिरव्या, म्हणजे सगळ्यात सोप्या उतारावर जगू शकता. पडायचं तर बाजूला पडा, मागे बसू नका, मागे बसलं की स्की अजून जोरात पळते. मी हे तोंडपाठ करून गेलो होतो आणि तरी मॅजिक कार्पेटच्या वरच्या टोकाला उतरतानाच पडलो, मागून येणारी सहा-सात वर्षांची एक मुलगी माझ्याकडे बघत वळसा घालून निघून गेली.

कधी जायचं? डिसेंबरचा दुसरा पंधरवडा किंवा मार्चचा पहिला. चिनी नववर्षाची सुट्टी जानेवारी-फेब्रुवारीत येते, तेवढे आठ-दहा दिवस टाळाच, ट्रेनचं तिकीट मिळत नाही आणि लिफ्टला तासभर रांग. वीकेंडपेक्षा मंगळवार-बुधवार स्वस्त. कपडे, बूट, स्की सगळं भाड्याने मिळतं, फक्त हातमोजे, गॉगल आणि जाड मोजे स्वतःचे न्या. भारतीयांना टुरिस्ट व्हिसा परत मिळायला लागलाय आणि ऑक्टोबर २०२५ पासून थेट विमानंही सुरू झाली, म्हणजे बँकॉक-हाँगकाँगचे वळसे कमी झाले. पैसे मोबाइलवरून द्यायचं ॲप इथूनच कार्ड जोडून घेऊन जा. शाकाहारी असाल तर ईशान्येत जरा हाल आहेत, तिथे लोखंडी कढईत मांस-मासे-भाज्या एकत्र रटरटत ठेवतात, पण बटाटा-वांगी-मिरचीची एक भाजी सगळीकडे मिळते, भाताबरोबर झकास लागते.

त्या पहिल्या वीकेंडला मी बर्फाच्या मशीनचा फोटो काढून मावशीला व्हॉट्सॲपवर पाठवला होता आणि खाली लांबलचक लिहिलं होतं, हे बघ, तुझ्या कूलरसारखंच आहे, पंखा, पाणी, कोरडी हवा, वेट बल्ब वगैरे सगळं. दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं, "पंखा चांगला मोठा दिसतोय रे, पण वाळ्याच्या ताट्या कुठं लावल्या?"